संतूरची शिकवणी : मुंबई, पुणे आणि पुढे यवत

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर यवत लागतं. वाद्यांच्या बाबतीत हा पट्टा श्रीमंत आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतला काळभैरवनाथाच्या देवळात येते. गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं आणि संध्याकाळी भजनात पखवाज घुमायला लागतो. यवत सोडून सोलापूरच्या दिशेनं गेलं की चौफुला. तिथल्या संगीत बारीच्या थिएटरांत पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले आहेत. थोरल्यांच्या मागे बसायचं, हात बघायचा, ठेका कानात मुरवायचा, ही तिथली शाळा. लग्नाच्या वरातीत बेंजो वाजतो. या सगळ्यात एक वाद्य मात्र दिसत नाही, ते म्हणजे संतूर. यवतच्या एखाद्या मुलीनं ते शिकायचं मनावर घेतलं तर तिला पुण्याची गाडी धरावी लागते, आणि पुण्यातही शिकवणारी घरं मोजकीच.

ही उणीव मला खटकते, कारण संतूरचा आवाज ओळखीचा नाही असा माणूस आता शोधून सापडणार नाही. सिनेमाच्या गाण्यांतून, आकाशवाणीवरच्या संगीतसभांतून, योगवर्गात लावलेल्या ध्वनिमुद्रिकांतून तो घराघरांत गेलेला आहे. शिवाय ज्या माणसानं या वाद्याला रागसंगीताच्या मंचावर बसवलं त्याचं सारं कर्तृत्व मुंबईत घडलं. काश्मीरनंतर संतूरचं घर म्हणावं तर ते महाराष्ट्रच. ऐकणारे लाखोंनी आणि शिकवणारे बोटांवर मोजण्याइतके, असं का झालं? आणि ते बदलता येईल का? गेल्या सत्तर वर्षांत या वाद्याची शिकवणी कशी चालत आली हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

संतूर म्हणजे समलंब चौकोनी लाकडी पेटी, तिच्यावर घोड्यांच्या रांगा, घोड्यांवरून ताणलेल्या तारा, आणि त्या तारांवर हलक्या हातानं मारायच्या दोन लाकडी कलमा. काश्मीरच्या सुफियाना मौसिकीत ते शतकानुशतकं वाजत आलं. तिथल्या वाद्यावर २५ घोड्या, प्रत्येकीवर चार तारा, म्हणजे एकूण शंभर तारा. वैदिक वाङ्‌मयात शंभर तारांच्या ‘वाण’ नावाच्या वाद्याचा उल्लेख येतो, आणि शततंत्री वीणेशी संतूरचं नातं जोडण्याची पद्धत आहे. त्या वादात मी शिरत नाही. याच कुळातली वाद्यं इराणपासून हंगेरी, चीन, थायलंडपर्यंत पसरलेली आहेत, हे मात्र उघड आहे. आपल्या गवयांच्या मांडीवरचं स्वरमंडळ हे त्याच घरातलं, फक्त ते बोटांनी छेडतात. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना संतूरची ठेवण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

काश्मीरमध्ये हे वाद्य गायनाच्या साथीचं होतं. चार-सहा जण एकत्र बसून सुफी कलाम गाणार, आणि गाणारेच संतूर, साज-ए-काश्मीर, सेतार वाजवणार. त्यामुळे एकट्या संतूरनं तासभर राग मांडायचा हा प्रश्नच तिथे उद्भवला नव्हता. तो प्रश्न उभा केला जम्मूच्या उमादत्त शर्मांनी. ते गायक आणि तबल्याचे जाणकार, बनारसच्या बडे रामदासांचे शिष्य. आपल्या मुलानं हे वाद्य शास्त्रीय संगीतासाठी वाजवावं असं त्यांच्या मनानं घेतलं. मुलगा तोवर गाणं आणि तबला शिकत होता. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हातात कलमा आल्या. तो मुलगा म्हणजे १३ जानेवारी १९३८ ला जन्मलेले शिवकुमार शर्मा.

पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया इथे आहे. शिवकुमारांना घडवणारा गुरू हयातभर संतूर वाजवत आलेला कलावंत नव्हता. वडिलांनी आधी स्वतः वाद्य समजून घेतलं आणि मग गळ्यातलं, तबल्यातलं ज्ञान त्यावर उतरवून मुलाला दिलं.

१९५५ मध्ये मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात सतरा वर्षांच्या शिवकुमारांनी संतूर वाजवलं. त्याच वर्षी आलेल्या व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातही त्यांचं वादन आहे. संगीतकार होते कोकणातून आलेले वसंत देसाई. म्हणजे सिनेमाच्या पडद्यामागे संतूरला पहिलं दार उघडून दिलं ते मराठी माणसांनी. जाणकारांचा आक्षेप मात्र मोठा होता आणि तो खोटा नव्हता. संतूरवर मींड निघत नाही. तारेवर आघात झाला की स्वर उमटतो आणि विरतो. एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाणं हा आपल्या संगीताचा प्राण, आणि ते या वाद्याला जमत नाही, मग राग कसा उभा राहणार?

शिवकुमारांनी त्यावर पुढची कित्येक वर्षं काम केलं. घोड्यांची मांडणी बदलली, एका स्वराच्या चार तारांऐवजी तीन केल्या, सप्तकांची व्याप्ती वाढवली, लाकडी चौकटीवरचं वाद्य मांडीवर घेतलं. मांडीवर घेतल्यानं अनावश्यक गुंज कमी झाली. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कलम तारेवर हलकेच थरथरवत सोडून स्वर लांबवण्याचं तंत्र त्यांनी बसवलं. आलापात ऐकू येणारा तो सलग, झुळझुळता स्वर म्हणजे हेच तंत्र. मींड त्यातून निघत नाही, पण मींडेचा भास होतो आणि कान तो स्वीकारतो. उरलेली बाजू त्यांनी लयीनं भरून काढली. तबल्याचा हात मुळातला पक्का, ‘गाइड’ चित्रपटातल्या ‘मोसे छल किये जाए’ या गाण्यातला तबलाही त्यांचाच. त्यामुळे नऊ मात्रांच्या मत्तताल किंवा सात मात्रांच्या रूपकात ते ज्या सहजतेनं खेळत, तो त्यांच्या वादनाचा कणा झाला. आज संतूरचं जे व्याकरण आपण गृहीत धरतो ते बहुतेक सगळं एका माणसाच्या हयातीत घडलं आहे. सतारीला, सरोदीला घराण्यांचा साठा आहे, बाजांमधले मतभेद आहेत, जुन्या गती आहेत. संतूरजवळ ते नाही. शिकवणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण काय शिकवायचं हेही त्याला बऱ्याच अंशी स्वतःच ठरवावं लागतं.

१९६७ मध्ये एचएमव्हीनं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका काढली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरवापासून पहाडीपर्यंत. संतूरवर शिवकुमार, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. या मुद्रिकेबद्दल खूप लिहून झालं आहे. पण तिच्यातल्या तीन वाद्यांचं पुढे काय झालं, हे कोणी एकत्र मांडलेलं माझ्या वाचनात नाही, आणि शिकवणीच्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे.

तिन्ही वाद्यं त्या वेळी रागसंगीतात तुलनेनं नवी. तिन्हींना लोकमान्यता बरोबरच मिळाली. आज बासरी तालुक्या-तालुक्यात शिकवली जाते. जत्रेत विकत घेतलेली बासरी फुंकून बघणारा मुलगा पुढे वर्गात येतो, आणि चौरसियांनी मुंबईत उभारलेल्या वृंदावन गुरुकुलासारखी संस्था त्याच्या डोळ्यांसमोर असते. मांडीवरची गिटार मात्र फार थोड्यांच्या हाती राहिली. संतूर या दोहोंच्या मधे अडकलं. लोकांच्या कानात ते बासरीइतकंच शिरलं, हातात मात्र आलं नाही.

कारणं साधी आहेत. बासरी काहीशे रुपयांत येते, पिशवीत मावते, तिला जुळवावं लागत नाही. चांगलं संतूर कित्येक हजारांचं, एसटीत किंवा लोकलच्या गर्दीत सांभाळून नेणं अवघड, आणि त्याच्यावर नव्वदीच्या आसपास तारा. महाराष्ट्राला वाद्यनिर्मितीचा मोठा वारसा आहे, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. संतूरच्या बाबतीत मात्र नाव घ्यावं लागतं श्रीनगरचंच. जैना कदल भागातल्या गुलाम मोहम्मद झाझ यांच्या घराण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती या हस्तकलेसाठी. वाद्य बनवणारे हात कमी, म्हणून वाद्य महाग. महाग म्हणून विद्यार्थी कमी आणि विद्यार्थी कमी म्हणून बनवणारे कमी. हे चक्र कुठून तरी तोडावं लागेल.

पण पैशापेक्षा मोठी अडचण जुळवणीची आहे. जे संतूरपासून दूर गेले त्यांतले अनेक या पायरीवर गेले असं मला वाटतं, म्हणून ती जरा जवळून पाहू.

विद्यार्थी मांडी घालून बसतो, वाद्याची रुंद बाजू आपल्याकडे घेऊन. उजवीकडच्या खुंट्यांवर चावी बसवायची. ही चावी म्हणजे छोटी हातोडीच, तिनं खुंटी फिरवताही येते आणि घोडी किंचित सरकवायची तर हलकेच ठोकताही येतं. पहिला षड्‌ज घ्यायचा. त्याच्या तीन तारा. दोन तारांवर डाव्या हाताचं बोट ठेवून त्या गप्प करायच्या, तिसरीवर कलम मारायची, तंबोऱ्याशी ताडून बघायची. ती लागली की दुसरीवरचं बोट उचलायचं आणि दोन्ही एकदम वाजवायच्या. सुरात थोडाही फरक असेल तर आवाजात लहर उठते, वांव-वांव असं काहीतरी ऐकू येतं. खुंटी केसभर फिरवली की ती लहर मंदावते, आणखी केसभर फिरवली की थांबते. थांबली तो क्षण ओळखायचा. मग तिसरी तार. हे झालं एका स्वराचं. असे तीस. तोवर पहिल्या तारा खाली उतरलेल्या असतात, कारण पुढच्या तारांचा ताण वाढला की पेटीचं लाकूड किंचित दबतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

नवशिक्याला यात सहज तास-दीड तास जातो. भूपाली वाजवून झाल्यावर बागेश्री शिकायची तर गंधार बदलायचा, मध्यम आणि निषाद लावायचे, तेही प्रत्येक सप्तकात. जुलैत हवा दमट झाली की सकाळी लावलेलं संध्याकाळी टिकत नाही. घरात शिकलेलं माणूस नसेल, कान अजून तयार नसेल, तर मूल रडकुंडीला येतं. आई-बाप वाद्यावर चादर घालतात आणि ते कपाटावर जातं. मोबाइलमधली सूर दाखवणारी ॲप आता मदतीला आहेत, आणि सुरुवातीला ती वापरायला माझी हरकत नाही. एक तार तंबोऱ्याशी लावायला ॲप चालतं. तीन तारा आपसात लावायला कानच लागतो.

आता महाराष्ट्रातल्या वादक-शिक्षकांकडे वळू.

शिवकुमारांनी मुंबईतल्या घरी आयुष्यभर शिकवलं, फी न घेता. जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतून माणसं त्यांच्याकडे आली. ताकाहिरो अराई यांच्यासारखा जपानी शिष्य भारतीय मंचावर रागदारी वाजवताना ऐकला की गुरूनं काय दिलं ते कळतं. त्यांचे पुत्र राहुल शर्मा यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. मराठी शिष्यांत पहिलं नाव सतीश व्यास यांचं. वडील पं. सी. आर. व्यास हे थोर गायक आणि बंदिशकार. सतीशजी आधी त्यांच्याकडे गाणं शिकले आणि १९७८ पासून शिवकुमारांकडे संतूर. त्यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वादनात बंदिशीचा बांधेसूदपणा ऐकू येतो, गाणं आधी आणि वाद्य नंतर आल्याची ती खूण आहे. पुण्यात धनंजय दैठणकर यांनी शिवकुमारांची तालीम घेऊन वादन केलं आणि शिकवलं. त्यांचे पुत्र निनाद हेही संतूरच वाजवतात. पुण्याच्या रसिकांपुढे हे वाद्य फक्त सवाई गंधर्व महोत्सवातल्या पाहुण्याचं न राहता गावातलं झालं, त्यात दैठणकरांचा वाटा मोठा.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जास्त विचार करायला लावतात ते उल्हास बापट. जन्म ३१ ऑगस्ट १९५०, निधन ४ जानेवारी २०१८. रमाकांत म्हापसेकरांकडे ते तबला शिकले. झरीन दारूवाला यांच्याकडे सरोदीच्या अंगानं शिकले, के. जी. गिंडे आणि वामनराव सडोलीकर यांच्याकडे गाण्याच्या अंगानं. या गुरूंच्या यादीत एकही संतूरवादक नाही. आणि तरीही, कदाचित म्हणूनच, संतूरबद्दलचा सर्वांत धाडसी विचार महाराष्ट्रात त्यांनी केला. बाराही स्वर हाताशी राहतील अशी जुळवणी त्यांनी बसवली. राग बदलताना तारा बदलण्याची गरज त्यामुळे उरत नाही, रागमालिका वाजवता येते, मिश्र रागातला क्षणभर येणारा पाहुणा स्वर घेता येतो. मींड काढण्याचं स्वतःचं तंत्रही त्यांनी शोधलं. सिनेमात ते ‘घर’ (१९७८) पासून ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ पर्यंत राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात होते. ध्वनिमुद्रणाला गेल्यावर समोर कोणती पट्टी, कोणती स्वररचना येईल याचा नेम नसतो, आणि तिथे बारा स्वरांच्या जुळवणीचा फायदा काय तो वेगळा सांगायला नको.

बापटांचा मार्ग जितका चालवला जायला हवा होता तितका चालवला गेलेला नाही. शिवकुमारांच्या तेजापुढे दुसरी वाट दिसेनाशी झाली, हे त्याचं कारण असावं. विद्यार्थ्याच्या बाजूनं पाहिलं तर मला बारा स्वरांची जुळवणी पहिल्या दोन वर्षांसाठी तरी जास्त हिताची वाटते. वाद्य एकदा लावलं की महिनाभर भूप, यमन, बागेश्री, काफी काहीही शिकवता येतं, जुळवणी फक्त राखायची. रागानुसार तारा लावल्या की त्या आपोआप झणकारत राहतात आणि नाद भरदार होतो, हे खरं. पण तो लाभ मैफलीतल्या वादकाचा आहे. हात बसवत असलेल्या मुलाला नाद थोडा कोरडा मिळाला तरी चालेल, वाद्य सुरात मिळणं जास्त गरजेचं.

दिल्लीकडे वेगळी परंपरा उभी राहिली ती भजन सोपोरींची. ते काश्मीरच्या संगीतज्ञ घराण्यातले. त्यांचा सोपोरी बाज धृपद अंगाचा आणि मींड-गमकेवर भर देणारा. ‘सामापा’ ही त्यांची संस्था शिकवण्याबरोबर तुरुंगातल्या बंदिवानांपर्यंतही संगीत घेऊन गेली. उज्जैनच्या वर्षा अग्रवाल त्यांच्या शिष्या. कोलकात्याच्या तरुण भट्टाचार्य यांनी रविशंकरांकडे तालीम घेतली आणि सूक्ष्म जुळवणीसाठी वाद्यावर मणके बसवले. बीनकार-सतारिये शतकानुशतकं जे करत आले ते यांनी संतूरवर आणलं. १० मे २०२२ ला शिवकुमार गेले, २ जूनला सोपोरी गेले. एका महिन्याच्या आत दोन्ही मोठे गुरू गेल्यावर संतूर आता पूर्णपणे शिष्यांच्या हाती आहे. शिकवणीचा प्रश्न म्हणूनच आत्ता विचारायचा.

परदेशांत याच कुळातल्या वाद्यांचं शिक्षण कसं रुळलं ते पाहिलं की आपलं नेमकं काय राहिलं ते दिसतं. इराणी सांतूरला ७२ तारा. तिथे फरामर्ज पायवर (१९३३-२००९) यांनी नवशिक्यांसाठी क्रमवार धडे लिहून पुस्तक केलं आणि पिढ्या त्यावर शिकल्या. हंगेरीत १८७४ च्या सुमारास शुंडा या बुडापेस्टच्या वाद्यकारानं सिंबालोमला पाय आणि पेडल बसवले, आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत त्याचं शिक्षण संगीत विद्यालयांत सुरू झालं. चीनमध्ये यांगचिन संगीत महाविद्यालयांत शिकवतात. या तिन्ही ठिकाणी मोठे कलावंत तर झालेच, पण कोणीतरी पहिल्या वर्षाचा, दुसऱ्या वर्षाचा धडा कागदावर मांडला. आपल्याकडे संतूरचा धडा आजही गुरूच्या बैठकीत राहतो. गुरुमुखी विद्येबद्दल मला अपार आदर आहे, आलापातली सांस कागदावरून येत नाही. पण कलम कशी धरायची, पलटे कोणत्या क्रमानं घ्यायचे, डाव्या हाताची दुबळी बाजू कशी भरून काढायची, हे सगळं लिहिता येतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत गायन-वादनाची जी शिडी गावोगाव नेली, तिच्यामुळे पेटी-तबल्याचे वर्ग टिकले. संतूरला अशा शिडीवर चढायचं तर मराठीत एक क्रमिक पुस्तक हवं, आणि ते लिहायचं काम आजच्या पन्नाशी-साठीतल्या वादकांचं आहे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर ऑनलाइन शिकवण्या वाढल्या. यवत-दौंडसारख्या ठिकाणी त्या उपयोगी आहेत, पण अर्ध्या कामापुरत्या. स्वरवाक्य ऐकून उचलता येतं. ताल मात्र एकत्र देता येत नाही, आवाज क्षणभर मागे राहतो. आणि मनगट जास्त ताठ आहे, कलम तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे सैल राहण्याऐवजी मुठीत आवळली जाते आहे, हे पडद्यावर दिसत नाही. संतूरवर मनगट ताठ राहिलं की दिरदिर, म्हणजे जलद जोड-आघात, कधीच येत नाही. ते शेजारी बसून, मुलाच्या हाताला हात लावूनच सुधारावं लागतं.

मग यवतचं काय करायचं? आतापर्यंतच्या आढाव्यातून जो निष्कर्ष निघतो तो मला अगदी स्पष्ट दिसतो. संतूर घडवणारी माणसं गाण्यातून आणि तबल्यातून आली. उमादत्त शर्मा गायक-तबलावादक. शिवकुमारांचा पहिला पाया गळ्याचा आणि ठेक्याचा. सतीश व्यासांचा गाण्याचा. बापटांचे सगळे गुरू गायक, सरोदवादक, तबलजी. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतलं तीन चतुर्थांश शिक्षण संतूरवादकाशिवाय देता येतं. गळ्यातून स्वर ओळखणं, पलटे म्हणणं, तोंडानं ठेका आणि तिहाई पढणं, तंबोऱ्याशी कान जुळवणं, हे शिकवायला जी माणसं लागतात ती यवतमध्ये आणि आसपास आहेत. भजनी मंडळातला काकडा गाणारा गृहस्थ आहे. पखवाजाचे बोल तोंडपाठ असलेला दिंडीतला वादक आहे. चौफुल्याचा ढोलकीवाला आहे. लयीची जी समज त्याच्या हातात आहे ती शहरातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना दहा वर्षांतही येत नाही. त्याला गुरुजी म्हणून वर्गात बोलावायला आपण कचरतो, आणि ही आपली मोठी चूक आहे. संगीत बारीच्या कलावंतांची विद्या दुय्यम मानायची सवय मोडल्याशिवाय या पट्ट्यात कोणत्याच वाद्याचं शिक्षण मजबूत होणार नाही.

उरलेलं चतुर्थांश म्हणजे हात आणि जुळवणी. त्यासाठी मात्र संतूरवादकच हवा. पण तो रोज यायला हवा असं नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर यवतला स्टेशन आहे. लोणी काळभोरला तर संगीत-नृत्याचं शिक्षण देणारी विश्वशांती संगीत कला अकादमी आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र शहरात आहे. तिथल्या किंवा पुण्यातल्या गुरूंच्या तयार शिष्यानं महिन्यातून दोन रविवार यवतला यावं, सकाळी वाद्यं लावून दाखवावीत, दुपारी हात तपासावेत. बाकीचे दिवस गावातल्या गुरुजींनी गळा आणि ठेका सांभाळावा. वाद्य प्रत्येकाच्या घरी असण्याची गरज नाही. शाळेत, देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रंथालयात एक संतूर असलं तर चार-पाच मुलं पाळीपाळीनं शिकू शकतात. वाद्य कोरड्या जागी, जाड कापडात झाकून, भिंतीपासून दूर ठेवायचं, आणि ते लावण्याची जबाबदारी मुलांवरच आळीपाळीनं द्यायची. जे मूल तीन तारा एक करायला शिकलं त्याचा कान आयुष्यभरासाठी तयार झाला. पुढे ते संतूर सोडून पेटी वाजवू दे नाहीतर अभंग गाऊ दे, त्याचा सूर हलणार नाही.

आई-वडिलांना एक सांगणं आहे. मूल संतूरसाठी हट्ट धरत असेल तर लगेच वाद्य विकत घेऊ नका. आधी वर्षभर त्याला गाण्याला आणि तबल्याला घाला, जवळच्या भजनात बसवा. वर्षानंतरही हट्ट टिकला तर वाद्य घ्या, आणि घेताना शिकवणाऱ्याला बरोबर न्या. खुंट्या घट्ट बसतात का, पेटीला चीर नाही ना, वरच्या सप्तकाचा आवाज पत्र्यासारखा येत नाही ना, हे नवख्या माणसाला दुकानात कळत नाही.

दौंड तालुक्यात साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, गणेश मंडळं आहेत, शिक्षणसंस्था आहेत. दरवर्षी ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करायला जो पैसा जातो त्यातल्या थोड्याशा रकमेत एक चांगलं संतूर आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकाचं वर्षाचं मानधन सहज बसतं. यवतमधल्या एका मंडळानं, एका शाळेनं यंदा एवढं करून पाहावं. पुण्यातल्या संतूरवादकांनीही, बोलावणं आलं तर नाही म्हणू नये.